शिलाई मशीन, निळे हात आणि मामा निके

‘महिला सक्षमीकरण’ म्हटले की आपल्याकडे शिलाई मशीन येते. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, आठ मार्च असो की तोंडावर आलेली निवडणूक असो, मंडप पडतो, मशीनला हार घातला जातो, बाईला मशीनशेजारी उभे करून फोटो काढला जातो आणि सक्षमीकरण पूर्ण होते. गेली दहा-अकरा वर्षे नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना अशा मशीनचे पुढे काय होते तेही आम्ही पाहिले आहे. एका गल्लीत एकाच महिन्यात चौदा मशीन आल्या. ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बाया होत्या तेवढ्याच राहिल्या, शिवणाऱ्या चौदा वाढल्या आणि शिलाईचा दर पडला. त्याआधी ज्या एका विधवा बाईचे घर याच कामावर चालत होते, तिचेही चालेनासे झाले. अहवालात मात्र चौदा महिला सक्षम झाल्याची नोंद आहे.

हा प्रश्न डोक्यात असताना आम्ही नायजेरियाच्या निके डेव्हिस-ओकुंडाये यांच्याविषयी वाचायला आणि त्यांच्या मुलाखती पाहायला लागलो. त्यांना कोणी फॅशन डिझायनर म्हणते, कोणी कापडाच्या डिझायनर, कोणी चित्रकार. त्यांच्या देशात लोक त्यांना सरळ ‘मामा निके’ म्हणतात. मामा म्हणजे आई. त्यांचे मुख्य काम ‘आदिरे’ या निळ्या कापडाचे. योरुबा भाषेत ‘आदि’ म्हणजे बांधणे आणि ‘रे’ म्हणजे रंगात बुडवणे. आपली बांधणी असते तसाच हा शब्द.

निके यांचा जन्म १९५१चा, आजच्या कोगी राज्यातल्या ओगिदी गावातला. लहानपणीच आई गेली. पणजीने वाढवले. पणजी गावातली विणकर आणि नीळ रंगवणारी बाई. तिच्याजवळ बसून सूत, माग, निळीचा रांजण हे सगळे या मुलीच्या हातात आले. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही, कारण पैसा नव्हता. वडिलांनी लग्न ठरवले तेव्हा ही मुलगी घरातून पळाली आणि एका फिरत्या नाटक कंपनीत सामील झाली. पळून जाणाऱ्या मुलीबद्दल आपल्या वस्तीत काय काय बोलले जाते ते वाचकांना सांगायला नको. तिथेही फार वेगळे बोलले गेले नसेल.

पुढे त्या ओशोग्बो या गावात आल्या. १९६०च्या दशकात तिथे कलेच्या कार्यशाळा झाल्या आणि त्यातून चित्रकारांची एक पिढी तयार झाली होती. त्यातलेच एक गाजलेले चित्रकार ट्विन्स सेव्हन सेव्हन. निके यांनी त्यांच्याशी लग्न केले. त्या घरात एकूण पंधरा बायका झाल्या. जबरदस्तीच्या लग्नातून सुटून बाई अशा घरात आली, यावर काही लोक हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या समाजात एकट्या मुलीला भाड्याने खोली मिळत नाही, तिथे ती ज्या दारातून आत घेतील त्या दारातून आत जाते. त्या लग्नातल्या जाचाबद्दल निके पुढे उघडपणे बोलल्या आहेत. १९७४मध्ये आफ्रिकी कलाकारांच्या एका गटातून त्या अमेरिकेला, मेन राज्यात गेल्या. आपल्या हाताच्या कामाला तिकडे किंमत आहे हे तिथे दिसले. परत आल्यावरही ते लग्न लगेच सुटले नाही, बरीच वर्षे गेली. बाईच्या आयुष्यातले निर्णय सिनेमासारखे एका प्रसंगात होत नाहीत, हे कौटुंबिक हिंसेच्या केसेस हाताळणाऱ्या कोणालाही विचारा.

१९८३मध्ये त्यांनी ओशोग्बोमध्ये केंद्र काढले. तिथे शिकायला फी नाही. आदिरे, बाटिक, विणकाम, भरतकाम, चित्रकला, जे शिकायचे ते शिका. गेल्या चार दशकांत हजारो मुलेमुली तिथून शिकून गेली. पुढे ओगिदीमध्ये, म्हणजे ज्या गावातून त्या निघून गेल्या होत्या तिथेच, बायकांसाठी विणकामाचे केंद्र झाले. अबुजात केंद्र झाले. २००९मध्ये लागोसच्या लेक्की भागात मोठी मजल्यांची गॅलरी उभी राहिली, जिथे हजारो कलाकृती आहेत आणि आत जायला तिकीट नाही.

आता हे कापड होते कसे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण मुद्दा त्याच्यातच आहे. एका प्रकारात कापडात खडे किंवा बिया ठेवून ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याने गाठी मारतात. दुसऱ्या प्रकारात कसाव्याच्या पिठाची खळ शिजवून ती कोंबडीच्या पिसाने कापडावर लावतात. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. जिथे खळ तिथे रंग चढत नाही, नक्षी पांढरी किंवा फिकट निळी उरते. रंगासाठी एका रानवेलीची कोवळी पाने कुटून, गोळे करून वाळवतात. लाकडाच्या राखेवरून पाणी गाळून क्षाराचे पाणी काढतात आणि त्या पाण्यात गोळे अनेक दिवस मुरवतात. रांजणातून काढताना कापड हिरवट दिसते, हवा लागली की निळे होत जाते. पुन्हा बुडवायचे, पुन्हा हवा द्यायची. जितक्या वेळा बुडवाल तितका रंग गडद, जवळजवळ काळा. हे करणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत निळे राहतात, धुऊन जात नाहीत. नक्ष्यांनाही नावे असतात. ‘इबादानदुन’ म्हणजे ‘इबादान शहर गोड आहे’, आणि त्या नक्षीत इबादानच्या मापो हॉलचे खांब आणि चमचे काढलेले असतात! शहराचा टाऊन हॉल लुगड्यावर काढणाऱ्या बायकांचे आम्हाला फार कौतुक वाटते.

पण या कापडाची खरी गोष्ट बाजारात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अबेओकुटा हे आदिरेचे केंद्र होते. विलायती गिरणीचे पांढरे कापड स्वस्त आणि तलम मिळू लागले, त्यावर बारीक नक्षी करता येऊ लागली आणि हा धंदा फोफावला. कापड विकत घेणारी बाई, रंगवणारी बाई, विकणारी बाई. मुलींना शिकायला ठेवून घेणारीही बाईच. पैसा बायकांच्या गाठीला होता. त्यामुळे १९३०च्या दशकात तिथल्या अलाकेने, म्हणजे राजाने, कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली तेव्हा या बायका गप्प बसल्या नाहीत, त्यांनी उघड विरोध केला. आमची परंपरा शुद्ध ठेवा असे राजा सांगत होता आणि रंगारी बायका म्हणत होत्या की धंदा आमचा आहे, रंग कोणता घालायचा ते आम्ही ठरवू. परंपरेचा कळवळा नेमका कोणाला येतो, हे पाहण्यासारखे आहे. पुढे १९४७मध्ये बायकांवरच्या कराविरुद्ध त्याच अबेओकुटात मोठे आंदोलन झाले. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी त्याच्या नेत्या होत्या, गायक फेला कुटी यांच्या आई. हजारो बाजारवाल्या बायका राजवाड्यासमोर बसल्या आणि १९४९मध्ये अलाकेला गादी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी तो परत आला ही गोष्ट वेगळी. निके यांनी जे कापड हातात घेतले त्याच्यामागे हा इतिहास आहे.

इथे आमच्याच कार्यकर्त्यांपैकी काहींनी आम्हाला अडवले. त्यांचे म्हणणे असे: आपण जुन्या हस्तकलांचे गोडवे कशाला गायचे? बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका म्हटले, गावकीची कामे सोडा म्हटले, शहरात जा, शिका म्हटले. आणि तुम्ही पणजीच्या रांजणात हात घालणाऱ्या बाईचा आदर्श ठेवता? उद्या कोणी चर्मकाराच्या मुलाला म्हणेल, तुझी पारंपरिक कला जप.

हा आक्षेप खोटा नाही. हस्तकलेच्या नावाने होणाऱ्या प्रदर्शनांमध्ये आम्ही पाहतो, कारागीर जमिनीवर बसलेला असतो आणि भाषण करणारे खुर्चीवर. जात कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वाटून टाकते, हा बाबासाहेबांचा मुद्दा आम्ही एम.ए.च्या वर्गात समाजशास्त्राचे सिद्धांत शिकण्याच्या कितीतरी आधी घरात ऐकला होता. आणि कापडाच्या बाबतीत तर आपला अनुभव फार कडू आहे. विदर्भात आपल्या पूर्वजांपैकी अनेक जण जाडेभरडे कापड विणत. विणता येत नव्हते असे नाही. पण मुंबईच्या गिरण्यांमध्ये जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक होते, धोट्यापाशी मात्र नव्हते.

तरीही आम्ही म्हणतो की निके यांचे काम त्या आक्षेपात बसत नाही. योरुबांमध्ये नीळ रंगवणे हे बायकांचे काम होते. त्याच नायजेरियात उत्तरेला कानो शहरात निळीच्या विहिरींवर पुरुष काम करतात, कोफार माताच्या त्या विहिरी पंधराव्या शतकापासूनच्या सांगितल्या जातात. म्हणजे एकाच देशात, एकाच रंगासाठी, एकीकडे काम बाईचे आणि दुसरीकडे पुरुषाचे. दोन्हीकडे ते ‘पहिल्यापासूनचे’! नैसर्गिक विभागणी म्हणून जे सांगितले जाते त्याचा पोकळपणा दाखवायला याहून चांगले उदाहरण समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही सापडणार नाही. निके यांनी काय केले? जे आईकडून मुलीकडे, घरातल्या घरात जात होते, ते त्यांनी दार उघडून रस्त्यावरच्या मुलामुलींना दिले. मुलगेही शिकले. कुठल्या घरात जन्म झाला हे विचारले नाही आणि गुरुदक्षिणा मागितली नाही. शिकलेल्याने हेच काम आयुष्यभर करावे अशी अटही नाही. जे काम सोडता येत नाही ती जात, आणि जे घेताही येते व सोडताही येते ते कौशल्य. आमच्या अडवणाऱ्या मित्रांना आम्ही एवढेच उत्तर दिले. सगळ्यांना ते पटले असे नाही.

नायजेरियात जन्मावरून भेद नाही असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. पूर्वेकडच्या इग्बो समाजात ‘ओसू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देवाला वाहिलेल्या लोकांच्या वंशजांशी लग्न टाळले जाते. १९५६मध्ये तिथे याविरुद्ध कायदा झाला. कायदा झाला म्हणजे काय होते आणि काय होत नाही, ते आपल्याला माहीत आहे.

कपड्याबद्दल आणखी एक गोष्ट आम्हाला सारखी आठवत राहिली. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसता, अंगावर कोणते दागिने घालता, यावरून तुमची जात ओळखली जाते. ती ओळख फेकून द्या, असा त्याचा आशय होता. परतताना अनेक बायकांचे नेसणेच बदलले होते, अशी आठवण सांगितली जाते. याच्या उलट फुन्मिलायो रॅन्सम-कुटी. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या, मुख्याध्यापकाच्या घरातल्या. त्यांनी विलायती झगा सोडला आणि बाजारवाल्या बायकांसारखे योरुबा वस्त्र नेसायला लागल्या, सभेत योरुबातच बोलू लागल्या. एकीकडे जुने नेसणे टाकणे ही मुक्ती, दुसरीकडे जुने नेसणे पुन्हा घेणे ही मुक्ती. विसंगती वाटते, पण नाही. अबेओकुटात बाईचे निळे वस्त्र तिच्या कमाईचे चिन्ह होते, विलायती झगा सत्तेचा होता. महाडच्या बाईचे लुगडे तिने निवडलेले नव्हते, वर किती आणि कोणते नेसायचे हे गावाने ठरवलेले होते. म्हणून ‘पारंपरिक वेशभूषा जपा’ असे सरसकट सांगणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, कोणाची? आणि ती ठरवली कोणी? निके स्वतः डोक्यावर मोठा गेले बांधून, अंगभर आदिरे लेऊन जगभर फिरतात. त्या कपड्यात त्यांना कोणी खाली बसवत नाही, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

त्यांच्या कामातली आम्हाला सर्वात अवघड वाटलेली बाजू इटलीची आहे. नायजेरियातून, मुख्यतः बेनिन सिटी भागातून, हजारो मुलींना कामाचे आमिष दाखवून इटलीत नेले गेले आणि वेश्याव्यवसायात ढकलले गेले. २०००च्या सुमारास इटलीच्या सरकारने निके यांना बोलावले, या मुलींना हाताचे काम शिकवण्यासाठी. त्यासाठी पुढे इटलीने त्यांचा सन्मानही केला. सन्मान योग्यच आहे. पण आम्ही नागपुरात या क्षेत्राच्या आसपास काम केले आहे, त्यामुळे प्रश्न पडतो. ज्या मुलीच्या डोक्यावर दलालाचे कर्ज आहे, जिच्या गावातल्या घराला धमक्या येतात, जिच्याजवळ परदेशात राहण्याचा कागद नाही, तिला बाटिक शिकवून किती सुटेल? कागद देणे इटलीच्या हातात होते, दलाल पकडणे दोन्ही सरकारांच्या हातात होते. सरकारे अशा वेळी एका चांगल्या बाईला बोलावतात आणि पिसाने नक्षी काढायला लावतात. हा दोष निके यांचा नाही. त्यांना जे देता येत होते ते त्यांनी दिले. शिलाई मशीन वाटणारे आमचे पुढारी आणि इटलीचे सरकार यांच्यात मात्र आम्हाला फारसे अंतर दिसत नाही.

दुसरी शंका, सगळे एका व्यक्तीभोवती उभे आहे. केंद्रे त्यांची, गॅलरीला नाव त्यांचे, लोकांच्या तोंडी ‘मामा’. लेक्कीतली गॅलरी म्हणजे लागोसच्या श्रीमंत वस्तीतली जागा, तिथे कापड भिंतीवर लागते आणि त्याची किंमत बाजारवाल्या बाईच्या हिशोबाबाहेरची असते. व्यक्तिपूजेचे काय होते ते आपल्या चळवळीने भरपूर भोगले आहे, म्हणून आम्ही इथे जरा सावध राहतो. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. ओगिदीतल्या विणणाऱ्या बायकांचे कापड त्याच गॅलरीत येते. म्हणजे शिकवणारीनेच दुकानही उभे केले. आमच्या चौदा मशीनच्या गल्लीत नेमके हेच नव्हते. शिकवणारी संस्था वेगळी, मशीन देणारा पुढारी वेगळा, आणि विकायचे कुठे हा प्रश्न त्या बायकांच्या पदरात.

बाजाराचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. अबेओकुटातल्या इटोकू बाजारात आज कारखान्यात छापलेले, बाहेरून आलेले नकली आदिरे हाताच्या कापडापेक्षा स्वस्तात मिळते. दुरून पाहिले तर ओळखू येत नाही. दहादा बुडवलेल्या कापडाची मजुरी छापील कापडाच्या भावाशी कशी स्पर्धा करणार? लागोसमधल्या अमाका ओसाक्वे यांच्यासारख्या तरुण डिझायनर आपल्या ‘माकी ओह’ या नावाखाली आदिरेचे महागडे कपडे करतात, २०१३मध्ये मिशेल ओबामा यांनी त्यांच्या कपड्यांपैकी एक घातला होता. त्याने नाव झाले, मागणीही वाढली असेल. पण रांजणाजवळच्या बाईला त्यातले किती मिळते, हा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या बायकांना आम्ही मोबाईलवर निके यांचा एक व्हिडिओ दाखवला. निळे हात पाहून एक आजी म्हणाल्या, आमचे हात विडीच्या तंबाखूने असेच काळे राहायचे, पण ते कोणी टीव्हीवर दाखवले नाहीत. मग सहा जणींनी ठरवले की करून बघू. कसावा कुठून आणणार? तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, कोंबडीवाल्याकडून पिसे आणली, कृत्रिम नीळ आणली. पहिल्या कापडावर खळ पातळ झाली आणि रंग सगळीकडे पसरला. ते पाहून सगळ्या हसल्या. दुसऱ्यासाठी खळ घट्ट करायची तयारी चालली होती, तेवढ्यात सर्वात तरुण मुलगी, जी बारावी झालेली आहे आणि एका दुकानात हिशोब लिहिते, ती म्हणाली, ताई, जमलं तरी विकायचं कुठे, आणि कितीला?

दुसरे कापड तसेच कोरडे ठेवले. गुरुवारी सहाही जणी गांधीबागच्या ठोक बाजारात गेल्या, छापील निळ्या सुती कापडाचा मीटरचा दर विचारायला. वहीत दर लिहून आणले आहेत. त्यात मजुरी कुठे बसते ते बघायला येत्या रविवारी बैठक आहे.